सुका हात

“बुवा, अशी बरणी उभ्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे असली तर दाखवा मला. आहे का?”

मठाधिपती केसोबुवा ओसरीवर बसून वाती वळत होते. त्यांनी मान वर केली, बरणीकडे पाहिलं आणि पुन्हा वाती वळायला घेतल्या.

खरं सांगायचं तर अच्युताचा तोरा काही खोटा नव्हता. मठ असा आडबाजूला, सड्यावर, की एकदा ओढे भरले की बाजाराची वाटच बंद. घातलेलं, वाळवलेलं, मुरवलेलं असेल तेच चार महिने खायचं. अच्युताने कोठी हातात घेतल्यापासून मठात कुणी पावसाळ्यात कोरडा भात गिळला नव्हता. सांडगे, आमसुलं, फणसपोळ्या, सगळं जागच्या जागी. कशाला जाळी नाही, कशाला वास नाही.

त्याचा नियमच तसा होता. कोठीच्या दारात कुणीही आलं की पहिला सवाल, “हात सुका आहे का?” एकदा तर त्याने खुद्द बुवांना दारातून परत पाठवलं होतं.

आणि ही बरणी म्हणजे त्याचा जीव. हिंगाची धुरी देऊन भरलेलं कैरीचं लोणचं, तीन पावसाळे मुरलेलं. येत्या दसऱ्याला बुवा मठ कुणाच्या तरी हवाली करणार होते. त्याच दिवशी गावासमोर बरणीच्या तोंडाला बांधलेला कापडी दादरा सोडायचा, हे अच्युताने मनाशी पक्कं केलं होतं. एकेक फोड जिभेवर पडली की मठ कुणी चालवायचा, हे लोक आपणहून म्हणतील.

श्रावणात खालच्या वाडीत पाणी शिरलं आणि माणसं मठात आली. भागी नावाची एक बाई म्हाताऱ्या सासऱ्याला पाठुंगळीला घेऊन चढण चढली. अच्युताने सगळ्यांना गरम पेज वाढली. हात आखडता घेतला नाही, उगाच कशाला बोल लावा.

दुसऱ्या दिवशी भागी कोठीच्या दाराशी आली.

“थोडं लोणचं मिळेल का? मामंजींच्या तोंडाला चव नाही. पेज तोंडात धरून बसतात, गिळत नाहीत.”

“लहान बरणी कालच संपली, बाई.”

“फळीवर ती मोठी दिसते…”

“ती दसऱ्याला उघडायची आहे.”

“दसऱ्यापर्यंत ते…” भागी एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

अच्युताला वाईट वाटलं. फार वाटलं. पण एका म्हाताऱ्याच्या चवीसाठी तीन वर्षांची राखण मोडायची? किल्ली कमरेलाच राहिली.

बुवा तेव्हा पागोळ्यांखाली हातपाय धूत होते. ते तसेच निथळत आत आले.

“अच्युता, ती तुझी बरणी बघू दे जरा.”

इतक्या दिवसांत बुवांनी पहिल्यांदाच आपणहून विचारलं होतं. अच्युताला कोण आनंद झाला. हात सुका आहे का, हे विचारायचंही तो विसरला. त्याने बरणी खाली घेतली, दादरा सोडला. सगळी कोठी वासाने भरली. काळपट लाल खार, वर तेलाचा जाड थर… त्याने मोठ्या अभिमानाने बुवांकडे पाहिलं.

बुवांनी ओलाचिंब हात बरणीत घातला. पार कोपरापर्यंत.

बुवांनी तळापर्यंत एकदा ढवळलं आणि हात बाहेर काढला.

“बुवा… हे काय केलंत? आता बुरा धरेल. हे टिकायचं नाही.”

“नाही ना?” बुवा म्हणाले. “मग पानं मांड.”

ते हात धुवायला निघून गेले.

अच्युत बरणीपाशी बसून रडला. मग उठला, बरणी कडेवर घेतली आणि ओसरीवर एकेकाच्या पेजेत लोणचं घालत गेला. शेवटी भागीच्या सासऱ्यापाशी आला. म्हाताऱ्याने फोड जिभेवर ठेवली, डोळे मिटले… बराच वेळ मिटलेच ठेवले. मग पेजेचा घोट घेतला, गिळला आणि वाटी पुढे केली.

“कुणाच्या हातचं रे हे?”

“माझ्या,” अच्युत म्हणाला. इतकी ताठ मान त्याची दसऱ्यालाही झाली नसती.

सांजेला तो बुवांपुढे जाऊन उभा राहिला. कमरेची किल्ली सोडून त्याने हातात घेतली होती.

“बुवा, बरणी संपली. विसळून पालथी घातली. दसऱ्याला दाखवायला आता माझ्याकडे काही नाही. कोठी दुसऱ्या कुणाला तरी सांगा.”

बुवांनी किल्लीकडे पाहिलंही नाही.

“हात सुका आहे का?”

अच्युताने हात पाहिले. बोटांना तेल होतं, बरणी विसळल्याचं पाणी होतं, आणि म्हाताऱ्याचं तोंड पुसलं होतं त्याची ओल होती.

“नाही…”

“मग किल्ली तुझ्याकडेच राहू दे.”