रविवारची दहा मिनिटं

"पण मास्तर, पन्नास तास झालेत कुठं?"

"तेल बदल म्हटलं ना."

"सहा तास! मागचं तेल घातल्यापासून हे इंजिन उणेपुरे सहा तास उडालंय. चांगलं तेल उगाच ओतून द्यायचं?"

दस्तगीर मास्तर चाकापाशी उकिडवे बसून टायरमध्ये रुतलेला खडा काढत होते.

माळावरच्या त्या फ्लाइंग क्लबात दोन सीटांची तीन विमानं होती. दुरुस्ती-देखभाल मास्तरांकडं. विमान उडायला सोडायचं तर शेवटची सही त्यांची. सुहृद गायधनी त्यांचा शिष्य. परीक्षा पहिल्या फटक्यात पास, लायसन खिशात. मुलगा हुशार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला स्वतःला अंमळ जास्तच. फक्त सहीची मुभा मास्तर देत नव्हते. तो विचारायचा, मास्तर म्हणायचे, "बघू."

आणि उद्या याच विमानातून त्याची धाकटी बहीण कनक पहिल्यांदा एकटी उडणार होती. शेजारी शिकवणारे कॅप्टन नाहीत, कुणी नाही.

"तेल घातलंस कधी?" मास्तरांनी विचारलं.

"पावसाळ्याच्या तोंडावर."

"आणि आता?"

"आता... दिवाळी झाली."

"पुस्तक काय म्हणतं?"

"पन्नास तास किंवा चार महिने, जे आधी होईल ते." पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. "पण ते चार महिने हयगय करणाऱ्यांसाठी असतात, मास्तर. मी कसं जपलंय बघा की! अख्खा पावसाळा कुणाला हात लावू दिला नाही. कनकसाठी इंजिन ताजं राहावं म्हणून. वर ताडपत्री घातली. आणि दर रविवारी, न चुकता, दहा मिनिटं चालू करत होतो."

"दहा मिनिटं कशाला?"

"आतले भाग हलते राहावेत म्हणून."

"मग उडवायचंच की."

"उडवलं की तास वाढतात ना!"

"म्हणजे देखल्या देवा दंडवत."

सुहृदला राग आला. "एकाही रविवारी घरी गेलो नाही मी, या इंजिनापायी."

मास्तर उठले. गुडघे कटकन वाजले.

"आज रविवारच आहे. कर चालू."

सुहृदनं इंजिन चालू केलं. दहा मिनिटं झाल्यावर बंद केलं. पंखा थांबला.

मास्तरांनी इंजिनावरचं छोटं दार उघडलं आणि तेल मोजायची पट्टी झाकणासकट बाहेर काढली.

"हात पुढं कर. डावा नव्हे, उजवा."

त्यांनी झाकण त्याच्या तळव्यावर तिरकं धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूनं एक थेंब ओघळला. मग दुसरा.

"घे. तीर्थ."

सुहृदनं तळव्याकडं पाहिलं. तेल नव्हतं, पाणी होतं. त्यानं हात नाकाशी नेला. आंबूस वास आला.

"वास कसला येतोय?" मास्तरांनी विचारलं.

"इंजिन चाललं की आत वाफ धरते," सुहृद हळूहळू म्हणाला. "वर जाऊन नीट तापलं तर ती निघून जाते. मी तापायच्या आत बंद करत होतो... पाणी आतच राहिलं. दर रविवारी थोडं थोडं."

"बादली आण," मास्तर म्हणाले.

तेल काढलं. फिल्टर कापला. फिल्टरमधला घडीचा कागद पांढऱ्या कापडावर पसरायचा आणि त्यावरून लोहचुंबक फिरवायचा, ही मास्तरांची रीत. चुंबक सुहृदनंच फिरवला. टोकाला केसाएवढे चकचकीत कण चिकटले.

लोखंड. आत गंज धरला होता आणि गंजलेला भाग झिजायला लागला होता.

"थोडेच आहेत," तो घाईघाईनं म्हणाला. "पुस्तक म्हणतं, इतके थोडे असले तर नवं तेल घाला, दहा तास उडवा, परत फिल्टर कापून बघा. विमान बंद ठेवायला नको."

"बरोबर म्हणतं."

"मग उद्या..."

"ते दहा तास कुणी उडवायचे, तेही लिहिलंय का?"

तेवढ्यात कनक आलीच, जवळजवळ पळत. "दादा, झालं ना विमान? आई-बाबा कऱ्हाडहून निघाले! बाबांनी पेढे आजच घेऊन ठेवलेत. म्हटलं, अहो, अजून उडाले कुठं मी? तर म्हणाले, उद्या दुकान बंद असतं!"

सुहृदनं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर नळावर पाठमोरे उभे राहून हातांना साबण चोळत होते. हे त्यांनी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. पण ते काही वळले नाहीत.

"कनक, उद्या नाही."

"म्हणजे?"

"फिल्टरमध्ये लोखंड निघालंय. आधी दहा तास कॅप्टन उडवतील, मी शेजारी बसेन. परत फिल्टर कापू. मग तुझं."

तिचे डोळे भरून आले. "अरे, पण तू तर किती जपलं होतंस!"

"तेच चुकलं," सुहृद म्हणाला. "माझंच चुकलं, कनक."

ती फोन काढून आईला लावत बाहेर गेली. सुहृद हातातल्या चुंबकाकडं बघत राहिला. त्याला रडू येत होतं.

मास्तरांनी हात पुसले. स्वतःच्या खिशातलं पेन काढलं आणि त्याच्या खिशाला अडकवलं.

"हे काय, मास्तर? आज तर मी..."

"उद्यापासून सही तू करत जा."