बसून खाणारी धनेशीण

डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात, बेहड्याच्या उंच झाडावर एक धनेश आणि त्याची धनेशीण राहत असत. मुलांनो, तुम्ही धनेश पाहिला नसेल तर सांगते. हा पक्षी घारीएवढा, पण चोच अशी, की ती सांभाळून हा उडतो कसा, असे वाटावे. यांची एक रीत आहे. अंडे घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून चिखलाने लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवते. मग पिल्लू बरेच मोठे होईपर्यंत ती आत आणि नर बाहेर. तो फळे आणतो आणि फटीतून तिला भरवतो.

आमची धनेशीणही अशीच ढोलीत बसली होती. धनेश कष्टाळू होता, यात शंका नाही. उजाडले की उंबराच्या झाडाकडे निघायचा, गळा भरून फळे आणायचा आणि पुन्हा निघायचा. उंबरावर त्याची एका वानराशी ओळख झाली होती. वानराने एकदा सहज विचारले, "वहिनी काय करतात?"

"काही नाही," धनेश म्हणाला. "घरीच असते. मी आणतो आणि ती बसून खाते."

हे तो रागाने म्हणाला नव्हता. उलट बायकोला सुखात ठेवल्याचा त्याला थोडा अभिमानच होता. पण मग तो ते रोजच सांगू लागला, आणि रोज सांगितलेले आपल्यालाही खरे वाटू लागते.

एके दिवशी वावटळ सुटली आणि एक वाळकी फांदी धनेशाच्या पंखावर पडली. पंख मोडला नाही, पण उचलवेना. बिचारा फांदी-फांदीने उड्या मारत कसाबसा बेहड्यावर पोहोचला, तोवर दिवस मावळला. ढोलीत पिल्लू भुकेने चिरकत होते. धनेशिणीने फटीतून पाहिले, आणि काय झाले ते तिला विचारावे लागले नाही. सकाळ होताच तिने आतून टोचे मारून भिंत फोडली.

"अहो, तुम्ही आत या," ती म्हणाली. "माझी गळलेली उडायची पिसं पुन्हा आलीत. फळं मी आणते. पण पिल्लाला एकटं टाकू नका, झाडावर धामण फिरते. तुम्ही फक्त जागचे उठू नका."

"बसायचंच ना," धनेश म्हणाला, "ते काय, जमेल."

एका अंगाने तो कसाबसा ढोलीत शिरला. आजवर त्याने तोंडाशी येऊन घास दिला होता, आत काय आहे ते कधी पाहिले नव्हते. खाली मऊ लागले म्हणून पाहिले, तर ती धनेशिणीचीच पिसे. ढोलीत गेल्यावर तिची उडायची पिसे गळतात, हे त्याला ठाऊक होते. त्यांची तिने पिल्लासाठी गादी केली होती, हे मात्र ठाऊक नव्हते. पिल्लाच्या अंगावर मुंग्या चढत, त्या वेचाव्या लागत. ते घाण करी, ती बाहेर टाकावी लागे. पाय पसरावेत तर पिल्लू दबे, आणि आखडून बसावे तर पायाला मुंग्या येत. म्हणजे पिल्लाच्या मुंग्या वेगळ्या आणि याच्या वेगळ्या. फुटलेली भिंत लिंपायलाही त्याने घेतली, पण त्याचा चिखल काही केल्या धरेना.

भर दुपारी धामण आली. खोडावरून सरसर चढली आणि ढोलीच्या तोंडाशी थांबली. धनेशाने आपली चोच त्या भगदाडात रोवली. धामण मागे सरली आणि वरच्या फांदीला वेटोळे घालून बसली. तिला घाई नव्हती. हा कधी ना कधी उठेलच, एवढे तिला पुरेसे होते.

तेवढ्यात वानर आले. "काय रे, आज दिसला नाहीस. काय करतोस?"

"बसलोय," धनेश म्हणाला.

"काही करत नाहीयेस, तर चल की. उंबर नुसता लगडलाय."

'काही करत नाहीयेस.' हे शब्द धनेशाच्या चांगले ओळखीचे होते. पोटाखाली पिल्लाची छाती धडधडत होती.

"उठलो तर पिल्लू जाईल," तो हळूच म्हणाला. "वरच्या फांदीवर बघ."

वानराने वर पाहिले आणि एकाच उडीत शेजारचे झाड गाठले. तिथून ते म्हणाले, "म्हणजे वहिनी रोज अशाच बसतात?"

"हो," धनेश म्हणाला. "रोज."

संध्याकाळी धनेशीण परतली. तिने मागून धामणीच्या शेपटीवर असा टोचा मारला, की ढोलीतून रोखलेली चोच आणि मागे ही चोच पाहून धामणीने खालची वाट धरली. धनेशिणीने आधी पिल्लाला भरवले, मग नवऱ्याला. त्या दिवशी धनेशाने खरोखरच बसून खाल्ले.

"तू मला कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," ती म्हणाली. "पण खरं सांगू? उंबर इतका लांब असेल, हे मलाही माहीत नव्हतं. येताना ससाणा मागे लागला होता. तुम्ही रोज एवढ्या लांब जाता, आणि मी फळ आंबट निघालं म्हणून कुरकुरते."

"तुझे फार उपकार आहेत गं," धनेश म्हणाला. "पिल्लावर, आणि माझ्यावरही."

मग तिने त्याला लिंपायला शिकवले. नुसता चिखल धरत नाही, त्यात फळाचा चघळलेला गर मिसळावा लागतो.

पुढे पंख बरा झाला. धनेशीण पुन्हा ढोलीत शिरायला निघाली, तर धनेश आधीच आत जाऊन बसलेला. "आज तूच जा," तो म्हणाला. "तळ्यापलीकडे जांभळं पिकलीत म्हणे. तू किती दिवसांत तळं पाहिलं नाहीस."

ती गेली. थोड्या वेळाने खालून वानराची हाक आली, "काय रे, वहिनी काय करतात?"

"फळं आणायला गेलीय."

"आणि तू?"

"आज माझी बसायची पाळी," धनेश म्हणाला आणि पिल्लाच्या मानेवरची मुंगी त्याने अलगद टिपली. "जरा हळू बोल, आत्ताच झोपलंय."

तात्पर्य : घरी बसणारी काही करत नाही, असे म्हणण्याआधी तिच्या जागी एक दुपार बसून पाहावे, आणि तिचे उपकार मनापासून कळले, तर नुसते आभार मानून न थांबता बसण्याची आपली पाळी घ्यावी.