शेजाऱ्याच्या शेतातले गवत

एकदा एका खाडीकाठच्या गावात साथीचा ताप ओसरत आला होता, तेवढ्यात तो रूप पालटून परतला. लस घेतलेलेही आजारी पडू लागले आणि गाव हादरले. लशीची एकच पेटी नव्याने आली, तेव्हा लोकांनी साफ सांगितले की आम्हालाच पुन्हा टोचा. पैलतीरावरच्या वाडीला मात्र एकदाही लस मिळालेली नव्हती आणि तिथे ताप घरोघर होता. गावच्या वृद्ध वैद्यांनी निर्णय आपल्या शिष्यावर सोपवला. शिष्याची आई याच गावात राहत होती, त्यामुळे त्याचा कल कुठे होता हे सांगायला नको.

सकाळी तो निर्णय सांगायला गेला, तर वैद्य गुडघाभर चिखलात उभे राहून शेजाऱ्याच्या भातातले गवत उपटत होते. शेजारी तापाने अंथरुणाला खिळलेला, आणि बांधावरून दोघांचे जुने वाकडे. खालच्या अंगाला असलेले वैद्यांचे स्वतःचे शेत अर्धेच साफ झाले होते. शिष्याने जरा चिडूनच कारण विचारले.

वैद्यांनी दोन रोपे त्याच्या हाती दिली आणि यातले भात कोणते, असे विचारले. त्याला ओळखता येईना.

"माझ्या आजाच्या वेळी हे गवत लांबून ओळखू यायचं," वैद्य म्हणाले. "वेगळं दिसेल ते आम्ही उपटत गेलो. चुकून भातासारखं उगवलेलं तेवढं हातून सुटलं, आणि त्याचंच बी वाढलं. यात गवताचा कावा काहीच नाही. तापाचंही तसंच. देहात शिरला की तो स्वतःच्या असंख्य प्रती काढतो, त्यात चुका होतात. बहुतेक वाया जातात, एखादी लशीने देहात बसवलेल्या पहाऱ्यातून निसटते. जितके देह त्याला मोकळे, तितक्या चुका जास्त. हे शेत असंच राहिलं, तर याचं बी पाण्याबरोबर माझ्याच शेतात उतरणार."

"मग याला अंतच नाही का?"

"आहे की. बी धरायच्या आत उपटलं, तर दरसाल कमी उगवतं. आणि लस घेतलेलं आपलं एकही माणूस दगावलेलं नाही, हे विसरू नकोस. पहारा अजून शाबूत आहे."

शिष्याने घरी जाऊन आईला सगळे सांगितले. तिला भीती वाटली, आणि ती तिने लपवली नाही. तरी पेटीचे एक टोक धरून ती पैलतीराला जाणाऱ्या होडीपर्यंत आली.

काठावर माणसे जमली होती. आमची लस कुठे नेतोस, असे एकाने दरडावून विचारले.

शिष्याने वल्हे हातात घेतले. "तुमच्यासाठीच नेतोय," तो म्हणाला.