तुमिराची कावड

जावा बेटाच्या उत्तरेला, समुद्रापासून तासाभराच्या चालीवर बांजारपेलेम नावाचे गाव आहे. मुलूख सगळा सपाट. भातखाचरे नजर पोचेल तिथवर पसरलेली, त्यामुळे गुडघाभर उंचवटाही इथे डोंगरासारखा दिसतो. गावाच्या पूर्वेच्या बांधाला लागून मात्र दोन टेकाडे आहेत, बसलेल्या म्हशीएवढी, एकमेकांपासून चार पावलांवर. वर नुसते गवत. पाण्याचा पाट त्यांना वळसा घालून जातो आणि अलीकडे झालेला डांबरी रस्ताही वळसा घालूनच जातो.

येणारे पाहुणे विचारतात, ही कुणाची थडगी? तेव्हा म्बा पोनिजा हसते. म्बा म्हणजे आजी. ऐंशी उलटली तरी ती अजून स्वतःच्या खाचरात उतरते. "थडगी कसली? इथं कुणी मेलं नाही," ती म्हणते. "इथं एक बाई उभी राहिली होती." मग ती टेकाडाच्या कडेला बसते आणि सांगू लागते.

गोऱ्यांचे उसाचे मळे या मुलखात यायच्याही आधीची गोष्ट, असे सांगतात. त्या काळी वाटणीचा नियम एका ओळीचा होता: मुलाला कावड, मुलीला गाठोडे. पुरुष खांद्यावर कावड घेतो, तिला दोन पाट्या. बाई पाठीवर कापडाने गाठोडे बांधते, ते एकच. म्हणून बापाच्या जमिनीचे तीन भाग करायचे, दोन मुलाचे, एक मुलीचा. बाईने कावडीला हात लावायचा नाही. लावला तर भाताची देवी रुसते आणि कणसे पोकळ निघतात, असे मानत.

तुमिरा आणि वीर्यो ही दोघे बहीणभाऊ. वीर्यो थोरला. तो सात वर्षे बंदरावर सागाची लाकडे वाहायला गेला होता. त्या सात वर्षांत बापाचे पाय गेले. तुमिराने बापालाही सांभाळले आणि शेतालाही. मधल्या खाचराला उतार होता, पाणी एकीकडे साठायचे; तिने तीन उन्हाळे माती ओढून ते ताटासारखे सपाट केले. बाप गेल्यावर वीर्यो परत आला, आणि गावचा पाटील, ज्याला तिकडे लुरा म्हणतात, वाटणी करायला बांधावर येऊन उभा राहिला. त्याचे नाव सुरोद्रोनो.

वाटणी झाली. मधले खाचर आणि वरचे खाचर वीर्योला. तुमिराच्या वाट्याला खालचा कोपरा, जिथे बारा महिने खारे पाणी तुंबते आणि लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही.

तुमिराने त्या कोपऱ्याकडे पाहिले. मग आपल्या तळव्यांकडे पाहिले. मधल्या खाचराची माती अजून तिच्या नखांत होती. तिला वाटले, हे जर आपले नाही, तर हे हातही आपले नाहीत.

"लुरा," ती म्हणाली, "वाटणी कशावरून ठरते?"

"जो जेवढं वाहतो, त्याला तेवढं. वाडवडिलांनी ठरवलंय, न्दुक." न्दुक म्हणजे पोरी. तो तसा प्रेमानेच बोलला.

"मग मी कावड वाहते."

लोक हसले. कुणीतरी म्हणाले, उद्या म्हशीवर नांगर ठेवून बैलाला दूध मागेल ही. वीर्यो मान खाली घालून उभा होता. लुराला राग आला, पण सगळ्या गावासमोर आपणच बोललेला नियम त्याला गिळता येईना. तो म्हणाला, "बरं. तिन्ही खाचरांची माती दोन पाट्यांत भरायची. सगळ्या शेताला बांधावरून एक फेरा. कावड खाली टेकली तर तो कोपराही गेला. मग भावाच्या ओसरीवर राहायचं."

तुमिरा म्हणाली, "भरा."

पाट्या भरल्या त्या गावातल्या गड्यांनी. त्यांनी मुद्दाम खालच्या कोपऱ्यातला ओला चिखल काढला आणि काठोकाठ दाबून भरला. त्यांचा हिशेब असा की ओली माती सुक्यापेक्षा दुप्पट जड. तुमिरा बांबूखाली वाकली आणि उठली. 

पहिल्या वीस पावलांतच तिला कळले की कावड म्हणजे नुसते वजन नव्हे. कावड जिवंत असते. बांबू लवतो, पाट्या वर उसळतात, खाली येतात, आणि चालणाऱ्याने त्या उसळीवर पाऊल टाकायचे असते. पुरुष हे लहानपणीच शिकतात. तुमिरा ताठ चालली. पाट्या एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. बांध हातभर रुंद, त्यावर शेवाळ. एकदा पाय घसरला, पुढची पाटी पाण्याला चाटून गेली.

"टेकली! टेकली!" गडी ओरडले.

"पाण्याला टेकली, जमिनीला नाही," बांधावरच्या एका म्हातारीने उत्तर दिले. "डोळे आहेत का कवड्या?"

गावाच्या बायका भात कांडायच्या लांब उखळापाशी उभ्या होत्या. होडीसारखे कोरलेले लाकडी उखळ, एका वेळी सहा जणी मुसळ मारतील असे. त्यांनी तुमिराचे चुकणारे पाऊल पाहिले. पहिले मुसळ कुणी उचलले हे नक्की कुणी सांगत नाही. म्बा पोनिजा म्हणते, तिच्या पणजीच्या पणजीने, पण गावातली प्रत्येक म्हातारी तेच म्हणते. ठोक्, असा एक आवाज झाला. मग दुसरा. मग सहाही मुसळे उखळाच्या तळावर, काठावर, कुशीवर पडू लागली. ठोक् तक् ठोक्, ठोक् तक् ठोक्.

हा ताल तुमिराच्या अंगात होता. आयुष्यभर रोज सकाळी तिने त्याच तालावर भात कांडले होते. तिचे खांदे सैल झाले. बांबू लवला, तशी तिनेही गुडघ्यात लवून पाऊल टाकले. पाट्या उसळल्या, ती पुढे सरकली. कावड आणि ती एकाच चालीने चालू लागली.

लुरा धावत उखळापाशी गेला. "बंद करा ते!"

"भात कांडतोय," बायका म्हणाल्या.

"उखळात एक दाणा नाही!"

"उखळ आमचं. रिकामं कांडू." असे म्हणणारी दुसरी कुणी नव्हती, लुराचीच बायको होती. तिला सगळे न्याई, म्हणजे बाईसाहेब, म्हणत. चौघा भावांची एकुलती बहीण. तिच्या वाट्याचे गाठोडे माहेरी भावांनी कधीच आपसांत वाटून घेतले होते.

तुमिराने फेरा पुरा केला. ती पूर्वेच्या बांधावर, जिथून निघाली तिथे, येऊन उभी राहिली. तोवर चिखलातले पाणी वेताच्या फटींतून सगळ्या बांधावर ठिबकत गेले होते आणि पाट्या निम्म्या हलक्या झाल्या होत्या.

"वजन कमी झालं," गड्यांतला एक म्हणाला. "हा फेरा धरायचा नाही."

"पाणी शेताचं होतं, शेतात गेलं," तुमिरा म्हणाली. "मी घरी नेलं का?"

यावर मात्र गडीही हसले. लुरा मग म्हणाला, "ठीक आहे. मधलं खाचर निम्मं तुझं. सगळंच निम्मं निम्मं. जिंकलीस. पण हे तुझ्यापुरतं, न्दुक. रीत बदलत नाही. ठेव खाली."

इथे म्बा पोनिजा थांबते आणि पाहुण्यांच्या तोंडाकडे पाहते.

तुमिराने कावड खाली ठेवली नाही.

"ठेव," लुरा पुन्हा म्हणाला.

"माझ्यापुरतं असेल तर मी अजून पोचले नाही."

"अगं, वेडी आहेस का? मिळालं ना तुला!"

"मला मिळालं. तिला?" तिने मानेने उखळापाशी उभ्या असलेल्या बायकांकडे खूण केली. "तिच्या पोरीला? सगळ्यांसाठी म्हणा, लुरा. मोठ्यानं. मग ठेवते. नाहीतर पाय मोडून पडेन तेव्हा टेकेल, आणि मग घ्या माझा कोपराही."

ऊन डोक्यावर आले. तिच्या खांद्याची कातडी सोलवटली होती. कुणी हसत नव्हते. मुसळे थांबली होती. वीर्योने प्रथमच मान वर केली. तो पुढे झाला आणि म्हणाला, "तुमिरा, दे मला." बहीण म्हणाली, "कांग, तू घेतलंस तर ते तुझं होईल." कांग म्हणजे दादा. वीर्यो मागे सरला, पण आपल्या जागी गेला नाही. तिच्या शेजारीच उभा राहिला.

मग न्याईने मुसळ टाकले. चिखलातून चालत ती नवऱ्यासमोरून गेली, पुढच्या पाटीपाशी वाकली आणि बांबूच्या टोकाखाली स्वतःचा खांदा लावला. कावडीला बाईचा हात लागला तर देवी रुसते, हे लग्नानंतर तिला ज्याने शिकवले होते त्याच्याकडे ती पाहत राहिली. मागच्या टोकाला दुसरी आली.

लुरा सुरोद्रोनो वाईट माणूस नव्हता, असे सांगतात. त्याला फक्त कुणी असे विचारले नव्हते. तो म्हणाला, "मुलाला कावड, मुलीला कावड." हळू म्हणाला.

"ऐकू नाही आलं," मागून म्हातारी ओरडली.

तेव्हा त्याने ते असे म्हटले की पाटापलीकडच्या बगळ्यांचा थवा उठला. आणि तुमिराने कावड खाली ठेवली. दोन पाट्यांतली माती तिथेच, एकमेकींपासून चार पावलांवर, ओतली गेली. त्या वर्षी कणसे पोकळ निघाली नाहीत. इतकी भरली, म्हणे, की लोंब्या बांधावर टेकल्या.

एका कावडीची माती म्हशीएवढी कशी, असे पाहुणे विचारतात. म्बा पोनिजा म्हणते, तुमिराची होती मूठभरच. नंतर ज्या ज्या मुलीला वाटा मिळाला, तिने आपल्या पाट्या तिथेच रित्या केल्या.

आजही बांजारपेलेममध्ये वाटणी झाली की भाऊ पाट्या भरतो, बहीण कावड उचलते, बायका रिकामे उखळ कांडतात. फेरा पुरा झाला तरी ती कावड खाली ठेवत नाही, गावप्रमुखाने ती ओळ मोठ्याने म्हणेपर्यंत. गेल्या कापणीनंतर नवा गावप्रमुख म्हणाला, आता तर सरकारी कागदावर दोघांचीही नावे आहेत, ही ओरड कशाला? मुलगी कावड घेऊन उभी राहिली. तो घड्याळाकडे पाहत होता, लोक त्याच्याकडे पाहत होते. अखेर त्याने घसा खाकरला.