ठाऊक असलेली खूण

बिनतारी संदेशवहनाच्या संशोधनात केस पांढरे केलेले एक प्राध्यापक एकदा आपल्या शिष्यासह डोंगरावर गेले. शिष्य बुद्धिमान होता, आणि आपण बुद्धिमान आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. डोंगरावरून दरीपलीकडच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर संदेश पोहोचवायचा, यावर त्याचा प्रबंध अवलंबून होता.

संदेश पोहोचला, पण पार विस्कटून. प्रयोगशाळेच्या टेबलावर तो अगदी स्वच्छ येत असे. शिष्याने यंत्र पुन्हा पुन्हा तपासले आणि शेवटी डोक्याला हात लावून तो खाली बसला. "सर, सगळी वर्षं पाण्यात गेली. मी सोडतो हे."

प्राध्यापकांनी थर्मास उघडला, चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि दोन घोट झाल्यावर नेहमीसारखे विचारले, "चहा घेतलास का?"

शिष्य भडकला. "सर, कप माझ्या हातात आहे! तुम्ही रोज हेच विचारता. बाबाही रोज फोनवर विचारतात, तिकडे पाऊस आहे का? टीव्हीवर सगळं दिसतं त्यांना. हल्ली मी फोनच उचलत नाही."

"बरं. संदेशाआधी आपण एक ठरलेली खूण पाठवतो, ती कुठे गेली?"

"काढून टाकली. दोन्ही टोकांना ती आधीच ठाऊक असते. नुसता वेळ खाते."

"अरे, ठाऊक असते म्हणूनच पाठवायची," प्राध्यापक म्हणाले. "ती किती बिघडून आली हे पाहिलं, की मधली वाट कशी आहे ते पलीकडच्याला कळतं. मग पुढचा संदेश तो सावरून घेतो. टेबलावर वाट हातभर, तिथे खपून गेलं. इथे दरी आहे, वारा आहे, झाडं हलताहेत. आणि बाळा, तू चहा घेतलास हे मला दिसतंच. तू उत्तर कसं देतोस, ते मला ऐकायचं असतं."

शिष्य उठून यंत्राकडे गेला. मग त्याने ती खूण पुन्हा घातली. गच्चीवरून निरोप आला, संदेश जसाच्या तसा मिळाला! त्याने आनंदाने सरांना मिठीच मारली.

नंतर जरा बाजूला जाऊन त्याने घरी फोन लावला.

"बाबा, तिकडे पाऊस आहे का?"

"इकडे कुठला पाऊस!" बाबा म्हणाले. मग क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "आज स्वारी खुशीत दिसते. जमलं वाटतं तुझं?"