अकरावं पान

बोरगिरीच्या राजेसाहेबांनी न्यायाधीशाला घरी बसवायचं ठरवलं, कारण दरबारात भस्मानंदबुवा अवतरले होते. कुणीही गंजिफाचं एक पान मनात धरावं, देवी ते बुवांच्या कानात सांगे. मग चोर कोण, हेही ती सांगेलच की!

बुवा एकवीस पानं एकेक करून तीन रांगांत वाटत. आपलं पान कोणत्या रांगेत आहे तेवढं राजेसाहेब सांगत. ती रांग इतर दोन्हींच्या मधे ठेवून बुवा पानं गोळा करत. असं तीनदा झालं की पान अचूक निघे.

राणीसाहेबांशी रोज गंजिफा खेळणाऱ्या द्वारकाबाई म्हणाल्या, "बुवा, आज पानं मी गोळा करते."

राजेसाहेबांनी सांगितलेली रांग बाईंनी तिन्ही वेळा सगळ्यात वर ठेवली. बुवांनी ओठांत मोजत अकरावं पान उलटलं. ते भलतंच निघालं.

"देवी रुसली," बुवा पुटपुटले.

द्वारकाबाईंनी सगळ्यात वरचं पान उलटलं. तेच राजेसाहेबांचं होतं.

"रांग तीनदा मधे ठेवली की पान अकरावं येतं, वर ठेवली की पहिलं. यात देवी कुठे आली? सरकार, उद्या कचेरीत जो अकरावा उभा असेल, त्याला फटके द्यायचे का?"