बुरूड आळीतलं पाचशे होनांचं घर

चांदगिरीच्या बुरूड आळीत सकाळीच दवंडी पिटली गेली आणि सुपं-टोपल्या विणणारे हात जागच्या जागी थांबले.

"ऐका हो ऐका! या आळीतल्या घरांची सरासरी किंमत पाचशे होन! दहावा हिस्सा कर! दर घरामागे पन्नास होन! न भरेल त्याचं घर जप्त!"

सुभान बुरूड मटकन खाली बसला. "अगं ठकू, आपलं अख्खं घरच पन्नास होनांचं!"

ठकू त्याची लेक. हातात कोयता चालायचा तशीच तिची जीभ चालायची. ती तडक राजवाड्यावर गेली.

उदाजीराजे मनाने दिलदार, पण हट्टी. शेजारी दिवाण धोंडोपंत वही उघडून बसलेले.

"अकरा घरं, एकूण किंमत साडेपाच हजार," दिवाणांनी वाचलं. "भागिले अकरा, पाचशे! यात चूक कुठाय?"

"पण महाराज, पाचशेचं घर आमच्या आळीत..."

"पोरी, एका आळीला एकच आकडा, हा आमच्या आजोबांपासूनचा रिवाज!" राजे कडाडले. "उद्या दरबारात हा आकडा खोटा ठरवून दाखव. नाही जमलं, तर जप्ती तुझ्याच घरापासून सुरू!"

घरी येऊन ठकूने बांबूच्या कामट्या कापायला घेतल्या. दहा होनांना एक बोट, अशी प्रत्येक घराची एक कामटी. कुणाची तीन बोटं, कुणाची पाच, सगळ्यात मोठी सहा. हिशेब तिने तीनदा केला. तिन्ही वेळा पाचशेच! दिवाणांचं गणित बिनचूक होतं.

मग ती अकराव्या घराची कामटी कापायला बसली. ते घर म्हणजे आळीच्या तोंडाशी असलेली लखमशेठची हवेली. शेठने फुशारकीने तिची किंमत पाच हजार तीस होन लिहून दिली होती. अख्खा बांबू संपला, दुसरा जोडला, तरी कामटी पुरी होईना! तिचं टोक दारातून थेट रस्त्यावर गेलं, आणि ठकू खुदकन हसली.

"चूक सापडली का गं?" सुभानने विचारलं.

"चूक नाहीच, बाबा! उद्या अकराही घरमालकांना दरबारात घेऊन चला."

दुसऱ्या दिवशी भर दरबारात ठकू म्हणाली, "महाराज, दिवाणजींचा हिशेब अगदी बरोबर आहे."

"म्हणजे हरलीस!" दिवाण मिशीत हसले.

"हरले कशी? आमची घरं पाचशेची ठरली, मग आम्ही निम्म्या किमतीत विकायला तयार आहोत. अडीचशेला एक! दिवाणजी, दहाच्या दहा घ्या!"

"त्या खुराड्यांचे अडीचशे?" धोंडोपंत उसळले. "साठाच्या वर छदाम देणार नाही!"

"अहो, कालच तर पाचशे म्हणालात!" राजांच्या भुवया वर गेल्या. "मग हे पाचशे आले कुठून?"

"ती हवेलीची सावली, महाराज. आमच्या छपरांवर पडलीय."

ठकूने अकरा जणांना स्वस्तापासून महागापर्यंत रांगेत उभं केलं. तीसवाला पहिला, लखमशेठ शेवटी. "आता बरोबर मधला माणूस बघा. पाच इकडे, पाच तिकडे. त्याच्या घराची किंमत?"

"पन्नास होन," सहावा म्हणाला. तो सुभानच होता.

"ही आमच्या आळीची किंमत! शेठजींनी उद्या हवेलीवर सोन्याचे कळस चढवले, तर सरासरी उड्या मारील. पण माझा बाप रांगेतून तसूभरही हलणार नाही!"

लखमशेठच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. पन्नासाचा दहावा हिस्सा पाच! म्हणजे हवेलीलाही पाचच होन!

राजे मात्र चपापले. "पोरी, साडेपाचशे यायचे तिथे पंचावन्नच येणार. खजिना बुडाला की!"

"का बुडेल? हवेलीची आळी वेगळी करा, महाराज! एकाच घराची आळी. तिची सरासरी काढा नाहीतर मधली किंमत काढा, आकडा तोच! शेठजींचे पाचशे तीन, आमच्या दहा घरांचे पाच-पाच मिळून पन्नास. साडेपाचशेला तीन होन वरच! आणि एका आळीला एकच आकडा, रिवाजही शाबूत!"

"महाराज!" लखमशेठ ओरडला. "किंमत मी जरा चढवूनच सांगितली होती!"

"असं? मग उतरवून सांगा," राजे म्हणाले. "त्या किमतीला हवेली आम्ही आजच विकत घेतो!"

शेठने घाईघाईने कमरेची थैली सोडली आणि पाचशे तीन होन मोजायला घेतले. राजे पोट धरधरून हसले, आणि मान खाली घातलेले दिवाण सोडून सारा दरबार हसला.

"शाब्बास, पोरी! बुरूड आळीला एकशे दहा होन बक्षीस! आणि यापुढे आळ्यांची किंमत ठरवताना ठकू दिवाणजींच्या शेजारी बसेल!"

ठकूने वाकून मुजरा केला आणि हळूच विचारलं, "महाराज, बक्षीस दहा घरांत वाटायचं, की अकरा?"

"दहा! दहा!" राजांना पुन्हा हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना.